खाती वेगळी, प्रोग्रॅम सामाईक

१० नोव्हेंबर १९८३ रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा विद्यार्थी फ्रेड कोहेन याने संगणक-सुरक्षेच्या चर्चासत्रात आपला प्रयोग मांडला. कल्पना त्याला आठवडाभरापूर्वीच सुचली होती. ‘व्हायरस’ हे नाव त्याचे मार्गदर्शक लेन ॲडलमन यांनी दिलं.

प्रयोगासाठी होता व्हॅक्स ११/७५० संगणक आणि त्यावर युनिक्स ही कार्यप्रणाली. म्हणजे एकच यंत्र, पण प्रत्येकाचं खातं, पासवर्ड आणि फाइली वेगळ्या. फाइलींची रचना चित्ररूपात दाखवणाऱ्या ‘व्हीडी’ या उपयुक्त प्रोग्रॅममध्ये कोहेनने व्हायरस घातला आणि यंत्रावरच्या सूचनाफलकावरून त्याची माहिती सगळ्यांना दिली. ज्याने तो चालवला, त्याच्याच अधिकारांनी व्हायरस त्याच्या इतर प्रोग्रॅममध्ये शिरला. ते प्रोग्रॅम दुसऱ्या कोणी चालवले की त्याचंही खातं बाधित. प्रयोग पाच वेळा केला गेला, आणि अशा साखळीने पाचही वेळा तासाभराच्या आत संपूर्ण यंत्राचे अधिकार कोहेनच्या हाती आले; एकदा तर पाच मिनिटांच्या आत. प्रयोग चालू आहे हे माहीत असलेलेही सुटले नाहीत.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की कोणाचा पासवर्ड फोडला गेला नाही, युनिक्समधली कुठली चूक वापरली गेली नाही. परवानग्यांचे नियम अगदी ठरल्याप्रमाणे पाळले गेले. फाइल कोण वाचेल, कोण बदलेल, एवढंच ते नियम पाहत होते. चालवलेला प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नावाने काय करतो, हे पाहणारं कोणी नव्हतं. निकाल कळल्यावर विद्यापीठाच्या यंत्रचालकांनी पुढचे प्रयोगच बंद केले. प्रयोग थांबवल्याने धोका थांबत नाही, म्हणून तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो.

घरोघरच्या संगणकांवर हा धडा फार उशिरा पोहोचला. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये वेगवेगळी नावं देता येत, पण एकाच्या फाइली दुसऱ्यापासून राखल्या जात नसत. २००१ च्या एक्सपीने खरी खाती आणली. मात्र संगणक पहिल्यांदा सुरू करतानाच तयार केलेली घरातल्या सगळ्यांची खाती ॲडमिनिस्ट्रेटरची, म्हणजे पूर्ण अधिकारांची होत. मुलाने उतरवलेल्या गेमसोबत आलेला मालवेअर सर्वांच्या सामाईक स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसू शके, आणि मग आईवडिलांनी लॉगइन करताच त्यांच्या खात्यातही चालू होई.

व्हिस्टापासून संपूर्ण यंत्रावर परिणाम करणाऱ्या अशा बदलाआधी परवानगी विचारणारी खिडकी आली. लोक कंटाळून ‘होय’ दाबू लागले आणि विंडोज ७ ने ते विचारणं कमी केलं. आजही नव्या विंडोज संगणकावर पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचंच बनतं. रोजच्या कामासाठी साधं खातं स्वतः आठवणीने उघडावं लागतं.