एका इलेक्ट्रॉनची ओढाताण

सोडिअम रॉकेलात बुडवून ठेवतात. उघडं राहिलं तर हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा त्याचा ताबा घेतात. निऑन मात्र दुकानाच्या पाटीतल्या नळीत वर्षानुवर्षं उजळत राहतो, कशाशीही संयोग न करता. दोघांत फरक एका इलेक्ट्रॉनचा! निऑनकडे 10 आणि सोडिअमकडे 11. निऑनचं बाहेरचं कवच आठांनी भरलेलं आहे. सोडिअमचा अकरावा त्याबाहेरच्या नव्या कवचात एकटा पडतो आणि संधी मिळताच निघतो.

किती घाईने निघतो, हे 2015 मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. सोडिअम-पोटॅशिअमचा थेंब पाण्यात पडताच इलेक्ट्रॉन पाण्यात पळाले, मागे उरलेले धनप्रभारित आयन एकमेकांना ढकलू लागले आणि सेकंदाचा हजारावा भाग उलटायच्या आत थेंबातून धातूचे काटे बाहेर फुटले.

फ्लुओरिनची भूक उलटी. त्याला एकच इलेक्ट्रॉन कमी, आणि तो जवळजवळ कुणाकडूनही ओढून घेतो. त्याला वेगळं काढण्याच्या खटपटीत अनेकांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. अखेर 1886 मध्ये पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांना ते जमलं. 1906 चं नोबेल त्यांना मिळालं.

नायट्रोजन फसवा! हवेत 78 टक्के, वेफर्सच्या पाकिटातही तोच. पण त्याचा अणू मुळीच शांत नाही. शांत आहे ती दोन अणूंची जोडी, कारण ती तिहेरी बंधाने बांधलेली आहे.

हेलिअमची चाहूल आधी सूर्यावर लागली, 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात दिसलेल्या पिवळ्या रेषेमुळे. त्याची आठवण म्हणून विजयदुर्ग किल्ल्यावर या तारखेला हेलिअम दिन साजरा होतो. पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमझी यांच्या हाती लागला थेट 1895 मध्ये. संयुगंच करत नाही, तर रसायनशास्त्रज्ञांना सापडणार कसा? युरेनिअमच्या एका खनिजात तो नुसता अडकून पडला होता.

माझ्या मते या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट नील बार्टलेट यांची. कॅनडात व्हँकूवरला ते प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड या जहाल लाल वायूवर काम करत होते. हा वायू ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन हिसकावतो, असं त्यांना दिसलं. ऑक्सिजन म्हणजे स्वतःच इतरांचे इलेक्ट्रॉन ओढणारा! मग त्यांनी आकडे पाहिले. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, जवळजवळ तेवढीच निऑनसारख्याच अलिप्त झेनॉन वायूला पुरते. झेनॉन संयुग करत नाही, असं तेव्हा पाठ्यपुस्तकं सांगत होती. बार्टलेटनी आकड्यांवर भरवसा ठेवला. 23 मार्च 1962 च्या संध्याकाळी, प्रयोगशाळेत एकटे असताना, त्यांनी दोन वायूंमधला काचेचा पडदा फोडला. क्षणात नळीत नारिंगी-पिवळा घन पदार्थ जमला. कुठली महाकाय यंत्रणा नाही, फक्त दोन संख्यांची तुलना! त्यानंतर झेनॉनची कितीतरी संयुगं तयार झाली.

मग आर्गॉन. आपल्या प्रत्येक श्वासात तो सुमारे 1 टक्का असतो आणि आत जातो तसाच बाहेर येतो. 2000 मध्ये हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी त्यालाही हायड्रोजन आणि फ्लुओरिनच्या मध्ये बसवलं. हा रेणू टिकतो तो फक्त कडाक्याच्या थंडीत. तापमान उणे 246 अंशांच्या आसपास चढलं की तो मोडतो.