सहीपूर्वी समजून घ्या दाताच्या मुळाची शस्त्रक्रिया

रूट कॅनाल झाले, वर कॅपही बसली. तरी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तोच दात पुन्हा ठणकू लागतो. हिरडीवर पुटकुळी येऊन पू झिरपतो. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो. अशा वेळी दंतवैद्य 'अॅपिसेक्टॉमी' सुचवतात आणि रुग्णापुढे संमतीपत्र येते. वेदनेने हैराण झालेला रुग्ण बहुधा ते न वाचताच सही करतो.

शस्त्रक्रियेत काय होते?

दाताच्या मुळातील मुख्य नलिकेला टोकाजवळ अतिसूक्ष्म फाटे असतात. तेथे जंतू उरले, तर संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो. अशा वेळी सहसा आधी रूट कॅनाल पुन्हा करण्याचा विचार होतो. मात्र नलिकेत पक्का बसवलेला खिळा किंवा तुटलेले उपकरण असल्यास वरून पोहोचणे अवघड ठरते. मग जागेवर भूल देऊन हिरडी बाजूला केली जाते. हाडात छोटी खिडकी करून दूषित भाग खरवडून काढतात, मुळाचे सुमारे ३ मिलिमीटर टोक कापतात आणि उघडी पडलेली नलिका खालून बंद करून टाके घालतात. दात जागेवरच राहतो.

धोके कोणते?

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सूज व दुखणे स्वाभाविक आहे. खालच्या दाढांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिला इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर होऊ शकते. ही बधिरता बहुधा तात्पुरती, पण क्वचित कायमची असते. वरच्या दाढांची मुळे सायनसच्या पोकळीलगत असतात. पुढच्या दातांची हिरडी किंचित वर सरकून कॅपची कड उघडी पडू शकते. सर्व काही नीट होऊनही संसर्ग उलटण्याची शक्यता राहतेच. हाड भरून येण्यास काही महिने, कधी वर्षही लागते.

संमती म्हणजे केवळ सही नव्हे

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, उपलब्ध पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितले पाहिजेत. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. अपवाद प्राण वाचवण्यासाठी तातडीने कराव्या लागणाऱ्या उपचाराचा.

येथे हा मुद्दा कळीचा ठरतो. हिरडी उघडल्यावर मूळ उभे तडकलेले आढळले, तर दात वाचवणे सहसा शक्य नसते. अशा वेळी दात लगेच काढायचा की टाके घालून रुग्णाला विचार करू द्यायचा, हे आधीच ठरलेले असावे.

रुग्णाने काय विचारावे?

पुन्हा रूट कॅनाल शक्य आहे का? दात काढून ब्रिज किंवा इम्प्लांट बसवल्यास खर्च किती? याच दाताच्या बाबतीत यशाची शक्यता किती? हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे, मधुमेह, गर्भारपण यांची माहिती द्यावी; मात्र कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

चेहरा सुजून ताप आला, तोंड उघडेना वा गिळता येईना, तर विलंब न करता उपचार घ्यावेत. एरवी संमतीपत्र घरी नेऊन वाचण्यास सहसा वेळ असतो. तो मागून घेण्यात डॉक्टरांवरील अविश्वास नाही. तो रुग्णाचा हक्कच आहे.