परदेशी न्यायालयाची अट आणि एक वर्षाची मुदत

परदेशातून मागवलेला माल बंदरात उतरतो आणि पोती कमी भरतात किंवा माल भिजलेला निघतो. आयातदार विमा कंपनीला कळवतो, पाहणी होते, जहाज कंपनीशी पत्रव्यवहार सुरू होतो. बिल ऑफ लेडिंगच्या मागील बाजूची बारीक अक्षरे बहुधा त्यानंतरच वाचली जातात. तेथे दोन अटी हमखास आढळतात : वाद अमुक परदेशी न्यायालयातच चालेल; आणि माल मिळाल्यापासून, अथवा तो मिळायला हवा होता त्या दिवसापासून, एक वर्षात दावा दाखल न झाल्यास वाहक जबाबदारीतून मुक्त होईल.

वर्षाची ही मर्यादा १९२४ च्या हेग नियमांतून आली. तिचे स्वरूप कठोर आहे. सामान्यतः मुदत उलटल्यावर दावा अडतो, हक्क उरतो. येथे हक्कच संपुष्टात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये रामलिंगम चेट्टियार प्रकरणात स्पष्ट केले होते.

पहिल्या अटीचे सामर्थ्य कोचीच्या एका खटल्यात दिसले. पूर्व आफ्रिकेतून आलेले कच्चे काजू कमी भरले, म्हणून केरळमधील षण्मुगविलास कॅश्यू इंडस्ट्रीजने ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीविरुद्ध कोचीत दावा लावला. बिल ऑफ लेडिंगमध्ये इंग्लंडच्या न्यायालयांची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ती बंधनकारक ठरवली. भारताचा सागरी मालवाहतूक कायदाही आयातदाराच्या मदतीला आला नाही, कारण तो भारतीय बंदरांतून निघणाऱ्या मालाला लागू होता. १९२५ च्या त्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली, पण ही मर्यादा तशीच राहिली आहे.

प्रत्येक अट स्वतंत्रपणे निभावता येते. धोका दोन्ही एकत्र आल्यावर उद्भवतो. अधिकारक्षेत्राचा वाद अपिलांसह वर्षानुवर्षे चालू शकतो. मुदत मात्र बारा महिन्यांचीच.

१९८७ मध्ये तैवानजवळ एक मालवाहू जहाज टकरीनंतर बुडाले. करारात तैवानच्या न्यायालयाची अट असूनही मालधन्यांनी हाँगकाँगमध्ये दावे लावले आणि तैवानमधील मुदत उलटू दिली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९९४ मध्ये त्यांना दिलासा नाकारला. तैवानमध्ये खबरदारीचा दावा लावून ठेवणे त्यांच्या हाती होते, ही बाब निर्णायक ठरली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘अलहानी’ प्रकरणात हाच धागा पुढे नेला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बिल ऑफ लेडिंग न घेताच जहाजातील इंधन दुसऱ्या जहाजात उतरवण्यात आले होते. मालधनी कंपनीने ट्युनिशियात जहाज अटकावून तेथेच दावा केला. करार मात्र इंग्लंडच्या न्यायालयाचा होता. करार मोडून अन्यत्र लावलेल्या दाव्याने एक वर्षाची अट पूर्ण होत नाही, असा निर्णय झाला. हे कठोर वाटते, पण जहाज अटकावल्याने तारण मिळते, मुदत आपोआप सुटत नाही, हा भेद त्यातून कळतो.

भारतात २०१७ च्या कायद्याने मुंबई, कोलकाता, मद्राससह आठ उच्च न्यायालयांना सागरी दाव्यांसाठी जहाज अटकावण्याचा अधिकार दिला आहे. तारणासाठी तो मार्ग उपयुक्त आहेच. परंतु त्याच्या जोडीला करारात नमूद न्यायालयात मुदतीपूर्वी दावा दाखल करणे, किंवा वाहकाकडून लेखी मुदतवाढ घेणे आवश्यक असते. मुदतवाढीतही एक खाच आहे. जहाजाचा मालक एक आणि ते भाड्याने घेणारा दुसरा, असे वारंवार असते. करारानुसार जो वाहक नाही त्याचे पत्र कामास येत नाही. विमा कंपनीने भरपाई दिली तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. आयातदाराच्या जागी उभ्या राहणाऱ्या विमा कंपनीला उरलेलेच दिवस मिळतात.

रेल्वे वा रस्त्याचा टप्पा जोडलेल्या निर्यातीसाठी बहुविध वाहतुकीचा दस्तऐवज दिला जातो. त्याबाबत १९९३ चा भारतीय कायदा वर्षही देत नाही. तेथे दाव्याची मुदत नऊ महिने आहे.