पेढीपासून वखारीपर्यंत : बिनतारी जाळ्याचा आमचा अनुभव

चतुर्थीच्या आधीचा पंधरवडा होता. डिचोलीच्या आमच्या पेढीवर मालाची आवकजावक जोरात चालू होती, आणि नेमक्या त्याच सुमारास हिशेबात चुका निघू लागल्या. एकाच गिऱ्हाइकाच्या नावे उकड्या तांदळाची पोती दोनदा लागत; तर कधी वखारीतून गेलेला माल खात्यावर चढतच नसे. वखारीची नोंद आमचे जुने दिवाणजी टॅब्लेटवर करतात. "शेट, गेलेल्या मालाचीच नोंद केली, जास्त काही केले नाही," असे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. आणि आम्ही, लिहिण्यास संकोच वाटतो, आमच्याच वयाच्या त्या गृहस्थास चार माणसांदेखत नको ते बोललो. पुढे जे उघडकीस आले ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून या स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

आमची जागा लांबट आहे. पुढे पेढी, माडीवर हिशेबाची खोली, आणि मागे अंगण ओलांडून पत्र्याच्या छपराची वखार. भिंती जाड चिऱ्याच्या. पेढीवरील राउटरचा वाय-फाय मागे पोचेना, तेव्हा आम्ही आणखी दोन राउटर आणविले. लावणाऱ्याने तिन्हींस निरनिराळी नावे दिली आणि तो निघून गेला. नमुना हातावर घेतल्यावाचून तांदळाचा सौदा न करणारे आम्ही, हा माल मात्र न पारखताच घेतला.

अखेर म्हापशाहून एका तरुण अभियंत्यास बोलाविले. त्याने प्रथम हिशेब पाहिला नाही की यंत्रे पाहिली नाहीत. दिवाणजींच्या हाती टॅब्लेट देऊन त्यांस पेढीपासून वखारीच्या टोकापर्यंत चालावयास सांगितले, आणि आपण मागोमाग चालला. वखारीत, डोक्यावरच तेथला राउटर असतानाही, टॅब्लेट पेढीवरील राउटरलाच चिकटून होता! तिकडून येणारा संदेश इतका क्षीण, की नोंद पेढीतील संगणकाला पोचे, पण तिची पोच परत येत नसे. पडद्यावर "पुन्हा पाठवा" अशी अक्षरे उमटत. दिवाणजी बिचारे पुन्हा पाठवीत. आणि टॅब्लेटने राउटर बदललाच, तर तिन्ही राउटर आपापले स्वतंत्र पत्ते वाटीत असल्याने त्याचा पत्ता पालटे, संगणकाशी जुळलेला धागा तुटे आणि अर्धी नोंद हवेत विरे.

हमालांचे उदाहरण देऊन आम्ही ही गोष्ट घरच्या मंडळींस समजाविली. पोते एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जावे, मध्ये जमिनीवर पडू नये, इतकेच यात साधावयाचे असते. गंमत अशी, की येथे पाठ केव्हा बदलावयाची हे हमाल ठरवीत नाही, पोतेच ठरविते. राउटर फार तर सुचवू शकतो. निर्णय हातातल्या यंत्राचा.

ऐन चतुर्थीतच हे का घडले, याचे उत्तर आम्हांस फार आवडले. धान्यात पाण्याचा अंश असतो, आणि पाणी या लहरी शोषून घेते. वखार रिकामी असताना लहरी आरपार जात; थप्प्या छपराला भिडल्या की अडत. म्हणजे आमचा वाय-फाय मालाच्या साठ्याप्रमाणे चढत-उतरत होता!

उपाय खर्चाचा नव्हता. पत्ते वाटण्याचे काम एकट्या पेढीवरील राउटरकडे ठेविले. उरलेल्या दोघांचा तो अधिकार काढून त्यांस नुसते अ‍ॅक्सेस पॉइंट केले आणि तारेने पेढीशी जोडले. ही तार महत्त्वाची; हवेतूनच एकमेकांशी बोलणारे संच मिळतात, परंतु चिऱ्याच्या भिंतीआड त्यांचा भरवसा आम्हांस वाटत नाही. तिन्हींस नाव एक, परवलीचा शब्द एक, सुरक्षिततेची पद्धत एक. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र तिघांस १, ६ आणि ११ असे वेगळाले चॅनेल दिले, जेणेकरून एकाचा आवाज दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळू नये. वखारीतले यंत्र थप्प्यांच्या वर, मधल्या वाटेवर टांगले. शेवटी त्याने पेढीवरील राउटरचा जोर कमी केला, तेव्हा आम्ही हरकत घेतली. तो म्हणाला, "काका, राउटर ओरडतो ते टॅब्लेटला ऐकू येते, म्हणून तो त्याला सोडीत नाही, पण टॅब्लेटचा बारीक आवाज राउटरला ऐकू येत नाही." आमची हरकत तेथेच संपली.

राउटर झटपट बदलण्यासाठी ८०२.११आर नावाचा नियम २००८ सालीच प्रसिद्ध झाला आहे. चालता चालता वाय-फायवरून बोलणाऱ्यांस त्याचा विशेष उपयोग. काही जुनी यंत्रे त्याने बिचकतात, म्हणून आम्ही तो तूर्त बंद ठेविला आहे. नोंदींस क्षणाचा विलंब चालतो.

पेडण्याच्या दुकानीही तेच नाव आणि तोच शब्द ठेविला, त्यामुळे तेथे गेल्यावर आमचे फोन आपोआप जुळतात. अर्थात तो जोड नव्याने होतो, डिचोलीचा धागा तेथवर ताणला जात नाही. तेथे पावसाळ्यात वीज जाते, आणि इन्व्हर्टरवर एकच यंत्र असले की सारी गर्दी त्याच्यावर पडते. म्हणून दोन्ही यंत्रे इन्व्हर्टरवर घेतली.

ज्या चार माणसांदेखत बोललो होतो, त्यांनाच बोलावून आम्ही दिवाणजींची क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. टॅब्लेटवर नोंद केली की ते आता खिशातल्या लहान वहीतही पेन्सिलीने पोत्यांचा आकडा टिपून ठेवतात. आम्ही त्यांस मना केलेले नाही.