त्वचेखालच्या गाठी : एक नाव, दोन आजार

मांडीवर वा दंडावर त्वचेखाली कठीण गाठी येतात, मधूनमधून ताप येतो. डॉक्टर प्रथम चरबीच्या थराची सूज किंवा ल्युपस समजतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु गाठी हटत नसतील तर लिम्फोमाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी वरवरचा तुकडा निरुपयोगी ठरतो. बायॉप्सीत चरबीचा थर पुरेसा आला पाहिजे, प्रसंगी ती दुसऱ्यांदाही करावी लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या पेशींभोवती टी-पेशींचे कडे दिसते. एवढ्यानेही निदान पुरे होत नाही. त्या पेशींवरील ग्राहक अल्फा-बीटा आहे की गॅमा-डेल्टा, हे विशेष रंजनाने पाहावे लागते. पूर्वी दोहोंना एकच नाव होते. २००५ च्या वर्गीकरणाने ते वेगळे केले. हा भेद केवळ नावाचा नव्हे (आम्हा भाषेच्या शिक्षकांना नावांचे वेड असतेच). पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर सुमारे ८० टक्के रुग्ण हयात असतात व पुष्कळांना स्टेरॉइडसारखी औषधे पुरतात. दुसऱ्यात निम्मे रुग्ण सुमारे सव्वा वर्षातच दगावल्याची नोंद तेव्हा झाली. तेथे आरंभापासून तीव्र केमोथेरपीचा विचार करावा लागतो. २०१८ मध्ये पहिल्या प्रकारच्या अनेक रुग्णांत एचएव्हीसीआर-२ या जनुकातील जन्मजात दोष आढळला, त्यामुळे आता जनुकतपासणीचाही आधार मिळतो.