संरक्षण खर्चातील कपात : कामगार आणि शहरे कशी सावरतात?

प्रस्तावना

शीतयुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेचा संरक्षण खर्च उतरू लागला. १९८६ च्या सुमारास तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६ टक्के होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो सुमारे ३ टक्क्यांवर आला. देशाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. मात्र अशा कपातीचा फायदा सर्व करदात्यांत थोडा थोडा वाटला जातो आणि तोटा मोजक्या शहरांवर एकदम कोसळतो. म्हणूनच कपातीबरोबर सावरण्याची योजनाही लागते.

धक्का कसा पसरतो?

७ जानेवारी १९९१ रोजी संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी नौदलाच्या ए-१२ विमानाचे कंत्राट रद्द केले. सेंट लुइस येथील मॅकडोनेल डग्लस कंपनीत हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. १९८८ ते १९९५ या काळात चार फेऱ्यांमध्ये ९७ मोठे लष्करी तळ बंद करण्याचे ठरले. मोठा कारखाना थांबला की आधी सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने, मग दुकाने आणि शेवटी नगरपालिकेचा महसूल आटतो. सगळे एकाच वेळी घरे विकायला काढतात, त्यामुळे घरांचे भाव पडतात. ज्याला दुसऱ्या गावी काम मिळते, त्यालाही हलणे कठीण होते.

कामगारांसाठी उपाय

पहिला उपाय पूर्वसूचनेचा. १९८८ च्या कायद्यानुसार १०० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. दुसरा उपाय पुनर्प्रशिक्षणाचा. १९९० मध्ये संसदेने २० कोटी डॉलर राखून ठेवले : १५ कोटी कामगारांसाठी, ५ कोटी बाधित शहरांसाठी. पण जवळपास नवी नोकरीच नसेल, तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र घरात पडून राहते. त्यामुळे आधी रोजगार कोठे आहे ते पाहावे आणि मग अभ्यासक्रम ठरवावा.

कारखान्याने दुसरी वस्तू बनवली तर?

हा मार्ग वाटतो तितका सोपा नाही. व्हिएतनाम युद्धाची मागणी ओसरल्यावर हेलिकॉप्टर बनवणाऱ्या बोइंग व्हर्टोल विभागाने बॉस्टन व सॅन फ्रान्सिस्को शहरांसाठी ट्राम बनवल्या. त्या वारंवार बिघडत. दारे विशेष त्रास देत. बॉस्टनने मागवलेल्यांपैकी काही गाड्या घ्यायलाच नकार दिला. संरक्षण उत्पादनात ग्राहक एकच असतो, कामगिरीला अग्रक्रम असतो आणि वाढीव खर्च बहुधा सरकार भरून देते. शहरी वाहतुकीत मात्र वस्तू स्वस्त, दणकट आणि साध्या कार्यशाळेत दुरुस्त होणारी हवी. कौशल्य तेच राहिले तरी रचनेचे निकष बदलतात.

शहरांसाठी उपाय

यासाठी संरक्षण खात्यात १९६१ पासून स्वतंत्र कार्यालय आहे. ते स्थानिक संस्थांना जमिनीचा नवा आराखडा करण्यास मदत देते. न्यू हॅम्पशायरमधील पीस हवाई तळ १९९१ मध्ये बंद झाला आणि तेथे उद्योग व विमानतळ उभे राहिले. परंतु आग विझवण्याच्या फेसातील रसायने विहिरीच्या पाण्यात उतरल्याचे २०१४ मध्ये आढळले. म्हणजे जमीन मिळाली, तरी ती स्वच्छ करण्याचे काम उरतेच.

चार्ल्सटनचा नौदल तळ व गोदी १९९६ मध्ये बंद झाली. त्याच आवारात क्लेमसन विद्यापीठाचे पवनचक्क्यांच्या यंत्रणा तपासणारे केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. वापर उत्तम, पण मध्ये १७ वर्षे गेली. जमीन इतकी वाट पाहू शकते, पन्नाशीतला वेल्डर नाही.

सारांश

शहराचे सावरणे आणि कामगाराचे सावरणे यांची घड्याळे वेगवेगळी आहेत. शहर सावरले म्हणून कामगारही सावरला असे समजू नये. दोन्हींचे मोजमाप स्वतंत्र करावे.

विचारासाठी प्रश्न : तुमच्या शाखेतील कोणते कौशल्य संरक्षण उद्योगातून नागरी उद्योगात जसेच्या तसे नेता येईल आणि कोणती सवय सोडावी लागेल?