गव्हाचा भाव आणि गांवची बँक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर डाकोटा हें राज्य गव्हाचें आगर म्हणून प्रसिद्ध आहे. १९२० सालीं तेथील लोकसंख्या सुमारें साडेसहा लाख होती आणि बँका नऊशेंच्या आसपास होत्या. म्हणजे सरासरीनें दर सातशें माणसांमागें एक बँक! पुढील बारा-तेरा वर्षांत यांपैकीं पांचशेंहून अधिक बँकांना टाळीं लागलीं. अशा वेळीं लबाडीचा संशय प्रथम मनांत येतो, आणि कांहीं ठिकाणीं लबाडी झालीही. परंतु पुष्कळ बँका प्रामाणिक माणसांच्या हातून बुडाल्या. तें कसें घडलें, हें ठेव ठेवणाऱ्या व कर्ज काढणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्याजोगें आहे.

गांवची बँक ही खरोखरच गांवची असे. १९०० सालच्या कायद्यानें तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गांवीं २५,००० डॉलर भांडवलावर राष्ट्रीय बँक काढतां येऊं लागली. राज्याच्या सनदेवर तर त्याहूनही कमी भांडवल चाले. भागीदार म्हणजे गांवांतील दुकानदार, धान्याचे व्यापारी व बरे शेतकरी. शाखा काढण्याची मुभा नसल्यामुळें सारा व्यवहार आसपासच्या शिवारांपुरता. ठेवी शेतकऱ्यांच्या आणि कर्जेंही शेतकऱ्यांचींच. समजा, शंभरांची ठेव आली, तर दहा-पंधरा हाताशीं ठेवून उरलेले पेरणीसाठीं, जनावरांसाठीं, यंत्रांसाठीं कर्जाऊ द्यावयाचे. मळणी होऊन गहूं विकला कीं तेच पैसे परत. सुगी चांगली तोंवर हें चक्र सुरळीत चाले.

पहिल्या महायुद्धांत रशियाचा गहूं युरोपांत पोहोंचेनासा झाला आणि अमेरिकन गव्हास सोन्याचे दिवस आले. १९१७ सालीं सरकारनें बुशेलास, म्हणजे सुमारें २७ किलोस, २ डॉलर २० सेंट भाव बांधून दिला. गव्हाबरोबर जमीनही महागली. शेजाऱ्यानें घेतली म्हणून आपणही घ्यावी, अशी चढाओढ लागली. पहिलें गहाण दूरच्या विमा कंपनीकडे आणि दुसरें गांवच्या बँकेकडे, अशा रीतीनें खरेद्या झाल्या. १९२० सालीं सरकारी भावाचा आधार सुटला, युरोपांतील शेतें पुन्हां पिकूं लागलीं, आणि १९२१ सालीं भाव एका डॉलरच्या आसपास येऊन ठेपला. कर्जाचा आंकडा मात्र कागदावर होता तेथेंच राहिला. हजार डॉलर फेडावयास पूर्वीं साडेचारशें बुशेल पुरत, ते आतां हजार लागूं लागले. भाव निम्मा होणें म्हणजे कर्ज दुप्पट होणें, ही गोष्ट कापूस पिकविणाऱ्या आमच्या वाचकांपुढें फोडून सांगण्याची गरज नाहीं.

बँकेची खरी अडचण येथें सुरू झाली. दहा कर्जदारांपैकीं एक थकला तर नफ्यांतून भागतें. येथें दहाही एकाच पिकाचे, एकाच हंगामाचे, म्हणून सारे एकदम थकले. मग कॅशिअर जुन्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी लिहून घेई व व्याज मुद्दलांत मिळवी. वहींत बँक सुस्थितींत दिसे. गहाण जमिनी विकाव्या तर गिऱ्हाईक नाहीं. इकडे उत्पन्न खुंटल्यामुळें ठेवीदार घरखर्चासाठींच ठेवी काढूं लागले. त्यांस देण्याकरितां बँकेनें शहरांतील मोठ्या बँकेकडून उचल करावी, आणि मोठ्या बँकेनें तारण म्हणून चांगलीं कर्जें तेवढीं निवडून आपल्याकडे घ्यावीं! मागें राहिला तो गाळ. ज्या दिवशीं दार बंद झालें, त्या दिवशीं उरलेल्या ठेवीदारांच्या वाट्यास तो गाळच आला. भागीदारांचें दुःख आणखी निराळें. तेव्हांच्या कायद्याप्रमाणें राष्ट्रीय बँक बुडाल्यास भागीदारास आपल्या भागाच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम पुन्हां भरावी लागे. त्यामुळें गांवचा दुकानदार ठेव, भाग आणि वर ही भरती अशा तिन्ही बाजूंनीं नागवला गेला.

ठेवीदारांस हमी नव्हती असें नाहीं. १९१७ सालीं राज्यानें कायदा करून हमी-निधि उभारला होता. राज्याच्या सनदेवरील बँकांनीं ठेवींच्या प्रमाणांत वर्गणी द्यावी, व एखादी बुडाल्यास त्यांतून ठेवीदारांस द्यावें, अशी योजना होती. परंतु वर्गणी देणाऱ्या बँकाही गव्हावरच जगणाऱ्या! निधि आटला, आणि १९२९ सालीं तो कायदाच रद्द झाला. ओक्लाहोमासह एकंदर आठ राज्यांनीं असे निधि काढले होते. आठही ठिकाणीं हीच गत झाली.

सरहद्दीपलीकडे कॅनडांत गहूं तोच आणि भावही तसाच. पण तेथील बँका मोजक्या व शेंकडों शाखांच्या. गव्हाच्या मुलखांतील तूट पूर्वेकडील शहरांच्या धंद्यांतून भरून निघे. शाखा बंद झाल्या, परंतु ठेवी सहसा बुडाल्या नाहींत. अपवाद १९२३ सालीं बुडालेल्या होम बँकेचा. तिला शाखा होत्या, पण मोठमोठ्या रकमा थोड्याच असामींकडे अडकल्या होत्या.

अमेरिकेंत १ जानेवारी १९३४ पासून सबंध देशाचा ठेव-विमा सुरू झाला. आपल्याकडे १९६० सालीं केरळांतील पलई सेंट्रल बँक बुडाली, आणि १९६२ सालीं ठेव-विमा महामंडळ स्थापन झालें. प्रथम हमी दीड हजार रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेंत एका ठेवीदारास व्याजासह पांच लाखांपर्यंत झाली. सहकारी बँका तींत येतात. पतसंस्था व गांवच्या विविध कार्यकारी सोसायट्या येत नाहींत. तेथें ठेव असलेल्या वाचकांनीं वार्षिक सभेंत अहवाल हातीं घेऊन दोन आंकडे अवश्य विचारावे: एकूण कर्जांपैकीं एकाच पिकावर किती, आणि मुदत वाढवून दिलेलीं किती.